बुडणं, तरणं, तारण

नगर जिल्ह्यात 'तारण' हा शब्द दोन जागी ऐकू येतो. एक जागा पतसंस्थेची. 'सोने तारण कर्ज', 'शेतमाल तारण योजना' अशा पाट्या नेवाशापासून कर्जतपर्यंत कुठेही दिसतात. तूर, सोयाबीन, नाहीतर घरातल्या बाईच्या गळ्यातलं डोरलं ठेवायचं आणि पेरणीपुरते पैसे उचलायचे. दुसरी जागा चर्चची. रविवारच्या उपासनेत पाळक 'तारण' म्हणतात तेव्हा येशू ख्रिस्तामुळे माणसाला मिळालेली सुटका त्यांच्या मनात असते. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. शब्द मात्र दोन्ही जागी तोच आहे. अनेकांना हा नुसता योगायोग वाटतो. मला तो तसा वाटत नाही. ख्रिस्ती शुभवर्तमानातल्या तारणाचा अर्थ या जिल्ह्यात कसा घडत गेला हे शोधू लागलं की पतसंस्थेची पाटी आणि चर्चचं व्यासपीठ पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात.

आधी शब्द पाहू. संस्कृतातला 'तॄ' हा धातू पलीकडे जाण्याचा. तरणे, तारणे, तारू, तारक हे सगळे त्याचेच. मराठी माणूस मात्र पाण्याची ही भाषा नदीपुरती ठेवत नाही. आपले पैसे बुडतात, पेढी बुडते, बँकेच्या हिशेबात बुडीत कर्जाचा रकाना असतो. मग रक्कम बुडू नये म्हणून जे ठेवायचं ते तारण, हे ओघानेच आलं. धर्माचंही तसंच. घरातल्या कोणी पंथ सोडला की 'धर्म बुडाला', 'कूळ बुडालं' म्हणून टाहो फुटतो. बुडणं आणि तरणं ही जोडी आपल्याकडे पैशाला, कुळाला आणि जिवाला सारखीच लागू आहे. 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणताना त्या तारण्यात पुरातून वाचणं, आजारातून उठणं, सावकाराच्या तावडीतून सुटणं असं काय काय असतं, ते बोलणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

या शब्दाला भक्तीचा अर्थ चढला तो या जिल्ह्याच्याच मातीत. प्रवरेकाठी नेवाशाला, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. बाराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला आश्वासन देतो की मृत्यूच्या या संसारसागरातून भक्तांना मीच वर काढतो. तिथे ज्ञानेश्वरांच्या देवाने नामाच्या हजार नावा सज्ज केल्या आहेत आणि तो स्वतःच तारू झाला आहे. देव नावेची सोय करून देतो इतकंच म्हणून ज्ञानेश्वर थांबत नाहीत. बुडणाऱ्याला उचलण्यासाठी देव स्वतः पाण्यात उतरतो, हे मराठी कानांना तेराव्या शतकापासून ठाऊक आहे. पुढे पाचशे-साडेपाचशे वर्षांनी मराठी बायबल वाचणाऱ्यांना नोहाच्या गोष्टीतही 'तारू' भेटलं. शब्द त्यांच्या ओळखीचा होता.

पण त्या नेवाशाच्या घाटावर कोण उभं राहू शकत होतं आणि कोणाला पाणवठ्यापासून लांब राहावं लागत होतं, हा प्रश्न या इतिहासात सारखा डोकं वर काढतो.

ख्रिस्ती तारण मराठीत पहिल्यांदा ग्रंथरूपाने आलं ते नगरला नव्हे, गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला पोचला आणि १६१६ मध्ये राशोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. रोमन लिपीत, पण अस्सल मराठी ओवीत. स्टीफन्सने आपल्या नवख्रिस्ती वाचकांपुढे मुक्ती, मोक्ष, वैकुंठ हे शब्द बिनदिक्कत ठेवले. जुन्या घरात नवा दिवा लावावा तसं ते आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांवर बंदी आणली आणि ती परंपरा मंदावली. घाटावर ती पोचलीच नाही. तिथे सुरुवात पुन्हा शून्यातून झाली.

विल्यम केरीने श्रीरामपूरला (बंगालमधल्या सेरामपूरला, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी नवा करार १८११ मध्ये काढला. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या मिशनचा नवा करार १८२६ मध्ये आणि संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये तयार झालं. या भाषांतरकारांपुढची अडचण खरी होती. मूळ ग्रीक शब्द 'सोतेरिया', त्याचं क्रियापद 'सोझो'. या क्रियापदाचा पसारा मोठा. बुडणाऱ्या पेत्राला येशूने हात दिला तिथे तेच क्रियापद आहे, बारा वर्षं रक्तस्रावाने खंगलेली बाई बरी झाली तिथे तेच आहे आणि पापातून सुटका झाली तिथेही तेच. त्यामागे हिब्रूतला 'येशुआ' आहे. येशू या नावाचा अर्थच मुळी 'देव तारतो' असा आहे. आणि यहुदी माणसाच्या मनात तारण म्हटलं की आधी मिसर देशातली गुलामी उभी राहते, विटा पाडणारे वेठबिगार उभे राहतात आणि मग दुभंगलेला समुद्र.

हे सगळं एका मराठी शब्दात कसं बसवायचं? 'मोक्ष' होता, पण मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं. त्यात देह मागे टाकायचा असतो. शुभवर्तमानातला येशू तर देहाला हात लावून बरं करतो, भुकेल्याला जेवू घालतो, मेलेल्या पोरीला उठवून तिला खायला द्या म्हणतो. मराठी ख्रिस्ती मंडळीत 'तारण' रुळला यामागे मला व्याकरणाचाही हात दिसतो. 'तरणे' हे आपलं आपण करायचं काम. 'तारणे' हे प्रयोजक क्रियापद, त्याला दुसरा कर्ता लागतो. कोणीतरी मला तारतो. माणूस स्वतःच्या पुण्याईने पलीकडे जात नाही, त्याला नेलं जातं, हा पौलाच्या पत्रांचा गाभा मराठीत एका स्वराच्या दीर्घत्वाने येतो: 'तर'चा 'तार' झाला की झालं. ज्या भाषांतराला इतकी नेमकी मदत भाषेनेच केली, ते भाषांतर मला भाग्यवान वाटतं. एक तोटा मात्र झाला. ग्रीकमध्ये जे एकच क्रियापद होतं ते मराठीत दुभंगलं. देहासाठी 'बरं करणं' आणि आत्म्यासाठी 'तारणं'. ही फट पुढे व्याख्यानांतून रुंदावत गेली.

अमेरिकन मिशनरी नगरला आले ते १८३१ च्या डिसेंबरात. ॲलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड, विल्यम हर्वी आणि त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचे धर्मांतरित ब्राह्मण. वर्ष उलटण्याआधीच हर्वींना पटकीने गाठलं. १८३३ मध्ये बाबाजीही पटकीनेच गेले. त्याच वर्षी नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. ही माणसं न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतली होती. त्यांच्या दृष्टीने तारण हा एकेका माणसाच्या अंतःकरणातला प्रसंग होता: पापाची जाणीव, पश्चात्ताप, विश्वास, नवा जन्म. बाप्तिस्मा मागणाऱ्याची ते कसून चौकशी करत. तुला तुझं पाप दिसलं का, तुझ्या मनाला शांती कधी मिळाली, हे विचारत.

ब्राह्मण तरुणांशी ही भाषा जुळली. हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारख्यांनी शास्त्रांचा, प्रायश्चित्तांचा, कर्मविपाकाचा अभ्यास केलेला होता. पाप फिटतं कसं हा त्यांचा रोजचा प्रश्न होता आणि ते फेडायला दुसरा उभा राहिला आहे, हे उत्तर त्यांना नवं होतं. शहरात आरडाओरडा झाला. धर्म बुडाला म्हणून बोभाटा झाला. त्यांना मात्र आपण तरलो असं वाटत होतं. १८५४ मध्ये हे दोघे नगरच्या मंडळीचे पाळक झाले. १८४२ च्या जूनमध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं होतं. हेन्री बॅलंटाइन त्याचे संपादक. त्यांनी मराठीत गीतंही पुष्कळ रचली. शब्द छापखान्यातून बाहेर पडू लागला होता, पण अजून तो शिकलेल्यांच्या गल्लीतच फिरत होता.

गल्लीबाहेर तो गेला महारवाड्यातून. आणि तिथे त्याचा अर्थ बदलला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक यांचं ठाणं होतं. ज्ञानेश्वरीच्याच तालुक्यात, म्हणजे 'तारू' झालेल्या देवाच्याच गावशिवेत. फेअरबँक यांनी एक गोष्ट ओळखली: खेड्यातला माणूस प्रवचन ऐकून घेतो, पण कीर्तनाला रात्रभर बसतो. १८६० च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तन सुरू झालं. कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांसारख्यांनी त्यासाठी पदं रचली. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग सगळं तेच, आख्यान तेवढं उधळ्या पुत्राचं किंवा क्रूसाचं. पंढरीच्या देवळात ज्याला पायरीपलीकडे जाता येत नव्हतं, त्याच्या दारात आता कीर्तन आलं होतं. एका गावचा माणूस मंडळीत आला की त्याच्या सोयऱ्यांची गावं मागोमाग येत. एकेकट्या अंतःकरणाचा प्रसंग मानलेलं तारण भावकीचा आणि गावकीचा मामला झालं. न्यू इंग्लंडच्या माणसाला हे पचायला जड गेलं असणार. पण यहुदी माणूस समुद्र पार करून गेला तो एकटा नव्हता. बायकापोरं आणि गुरंढोरं घेऊन गेला होता.

इथे पतसंस्थेच्या पाटीकडे परत यायला हवं.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. काही दिवसांत वणवा नगर जिल्ह्यात पसरला: पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत. हे दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात आले. त्यांची एक खूण अशी की मारहाण फार कमी झाली. लोकांना हवे होते कागद. कर्जरोखे, गहाणखतं, दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे. सावकाराने कागद दिले की ते चावडीपुढे जाळायचे आणि घरी जायचं. नाही दिले तरच हात उचलायचा. ज्या कागदावर आजोबाचा अंगठा होता, ज्यातलं व्याज कधी संपत नव्हतं आणि ज्यापायी जमीन तारण पडली होती, तो कागद राख झाला की माणूस सुटला. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून काही आसरा देणारा कायदा केला. मधल्या काळात, १८७६ ते ७८, दख्खनचा भीषण दुष्काळ येऊन गेला. त्यानंतरच्या वर्षांत नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांतून मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले.

'पोटासाठी बाटले' असं या माणसांबद्दल तेव्हा म्हटलं गेलं, आजही म्हटलं जातं. मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं आणि त्याहून जास्त, शुभवर्तमानाबद्दल अडाणी वाटतं. पौलाच्या नावाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात क्रूसाचा अर्थ सांगताना एक ग्रीक शब्द आला आहे: 'खेइरोग्राफॉन'. शब्दशः हाताने लिहिलेला कागद, आणि व्यवहारात कर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला रोखा. आपल्याविरुद्धचा तो रोखा देवाने पुसून टाकला, क्रूसावर खिळून टाकला, असं तिथे म्हटलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातली प्रभूची प्रार्थनाही ऋणाचीच भाषा बोलते: आमची ऋणं सोड, आम्हीही आमच्या ऋणकोंची सोडली आहेत. पुढे एक दृष्टान्त येतो. त्यात राजाने अफाट कर्ज माफ केलेला चाकर दुसऱ्या चाकराचा किरकोळ पैशांसाठी गळा धरतो. पॅलेस्टाइनमध्येही कर्जापायी जमिनी जात होत्या, माणसं विकली जात होती. येशूने पापाला ऋणाचं रूपक दिलं तेव्हा समोर बसलेल्यांना रूपक समजावून सांगावं लागलं नसणार.

मग ज्या पारनेर-श्रीगोंद्यात कालपरवा रोखे जळले होते, तिथल्या माणसाला पाळकाने सांगितलं की तुझा रोखा क्रूसावर खिळला गेला आहे, तर त्याने काय ऐकलं असेल? त्याने फक्त आत्म्याचा हिशेब ऐकला असेल असं मानायला माझं मन धजत नाही. आणि त्याने जास्त ऐकलं म्हणून चुकीचं ऐकलं, असं म्हणायला तर मुळीच धजत नाही.

मराठी बायबलात याच कुळातला आणखी एक शब्द आहे: खंडणी. आज वर्तमानपत्रात खंडणी म्हटलं की गुंड आठवतात. जुना अर्थ वेगळा. स्वारी दारात आली की गाव लुटीतून सोडवायला भरायची ती रक्कम. ज्या शहराच्या किल्ल्याने निजामशाहीपासून किती वेढे पाहिले, त्या शहराला हा शब्द शिकवावा लागला नाही. ग्रीकमध्ये 'लुत्रॉन', गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्याची किंमत. येशूने आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून दिला, हे मार्काच्या शुभवर्तमानातलं म्हणणं. पुढे धर्मपंडितांनी ही खंडणी नेमकी भरली कोणाला यावर शतकानुशतकं डोकं शिणवलं. काही म्हणाले सैतानाला. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म म्हणाला की देवाच्या अवमानाची भरपाई देवालाच. या वादात मला फार गोडी नाही. सोडवलेल्या कैद्याला खंडणीचा हिशेब कोण विचारतो?

नगरमधून मात्र याहून मोठा एक प्रश्न अमेरिकेत गेला, आणि तिथे त्याने मोठं वादळ उठवलं. या जिल्ह्याच्या ख्रिस्ती इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग तोच.

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म मुंबईत, १८४७ चा, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. १८७४ पासून त्यांनी नगरला काम केलं. तिथलं धर्मशिक्षणाचं विद्यालय १८७८ मध्ये सुरू करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. १८८६ मध्ये ते सुट्टीवर अमेरिकेत गेले असताना अँडोव्हर या धर्मशास्त्राच्या विद्यालयात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलले. तेव्हा अँडोव्हरचे प्राध्यापक एक मत मांडत होते: ज्यांना या जन्मात ख्रिस्ताबद्दल ऐकायलाच मिळालं नाही, त्यांना मृत्यूनंतर ती संधी मिळेल अशी आशा धरायला हरकत नाही. ह्यूम यांनी या मताला सहानुभूती दाखवली.

पुढे जे झालं ते आज विचित्र वाटेल. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्या कारभाऱ्यांनी त्यांचं हिंदुस्थानात परतणं रोखून धरलं. नियतकालिकांत, वार्षिक सभांत रणं माजली. विरोधकांचा मुद्दा असा की मेल्यावरही संधी मिळणार असेल तर मिशनची नसच कापली गेली. मग दूरदेशी जाऊन मरायचं कशाला? अखेर १८८७ मध्ये ह्यूम यांना परत नगरला येऊ दिलं.

पण हा वाद मुळात कोणाचा होता? नगरच्या मंडळीत आलेल्या प्रत्येक माणसाच्या मागे न ऐकता गेलेली माणसं होती. आई, आजा, दुष्काळात वाटेवर सोडलेलं पोर. ज्या समाजात पितर हे घरातले सभासद असतात, तिथे एकट्याने तरून पलीकडच्या काठावर जाणं म्हणजे अर्धं घर बुडताना बघत उभं राहणं. हाच प्रश्न फ्रान्सिस झेवियरला सोळाव्या शतकात जपानमध्ये विचारला गेला होता. आपल्या वाडवडिलांना आता सोडवणूक नाही हे ऐकून जपानी विश्वासणारे रडले, असं त्यानेच पत्रातून कळवलं आहे. झेवियरकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ह्यूम यांनी छातीठोक उत्तर दिलं असं नाही. त्यांनी आशेला जागा ठेवली आणि त्यापायी स्वतःची नोकरी पणाला लावली. तारण ठेवली म्हटलं तरी चालेल. नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चवर त्यांचं नाव आहे. तिथे उपासनेला जाणाऱ्या तरुणांना या नावामागचा हा प्रसंग माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. कारण देवाच्या दयेला माणसाच्या मरणाने कुंपण घालू नये, असं म्हणण्याची किंमत एका नगरकराने मोजली आहे.

याच ह्यूम यांच्या सहवासात नारायण वामन टिळक आले. १८९३ मध्ये नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मग नगर हे त्यांचं कामाचं ठिकाण झालं. टिळकांनी तारणाच्या शब्दावर दुसऱ्याच अंगाने हात फिरवला. मिशनच्या व्याख्यानात तारण ही घडून गेलेली गोष्ट असे: ख्रिस्ताने केलं, तू स्वीकारलंस, झालं. टिळकांच्या अभंगांत ती रोजची संगत आहे. ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे, घडोघडी हाताशी आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, अशी त्यांची धारणा होती. नाव, तारू, आणि आता पूल, पाणी तेच. नगरच्या मंडळीचं ओझं हलकं झालं ते या अभंगांनी, असं मी म्हणेन. तारण पावण्यासाठी आपली भाषा मागच्या काठावर टाकून यावी लागत नाही, हे टिळकांनी गाऊन दाखवलं.

अखेरीस टिळक मिशनच्या चौकटीबाहेर गेले. १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त बसणार होते. तरलेला कोण, बुडालेला कोण, याची रेघ त्यांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यावरून पुसायला घेतली. ९ मे १९१९ ला ते गेले. दरबार फार टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं काव्य अर्धं राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

इंग्रजीतला 'साल्व्हेशन' मराठीत दुसऱ्या वाटेनेही आला. साल्व्हेशन आर्मी १८८२ मध्ये मुंबईत उतरली. तिचे पुढारी फ्रेडरिक टकर यांनी फकीर सिंग हे नाव घेतलं, अंगावर देशी वस्त्रं घातली. लोकांनी त्या पंथाला नाव दिलं 'मुक्तिफौज'. आज नगरला बूथ हॉस्पिटल त्यांचंच आहे. २०२० च्या कोरोनाच्या लाटेत घाबरलेल्या शहराने रुग्णांसाठी त्याच दवाखान्याकडे पाहिलं. ग्रीक क्रियापद मराठीत दुभंगलं होतं, त्याचे दोन्ही तुकडे, बरं करणं आणि तारणं, मुक्तिफौजेच्या नावात आणि त्या दवाखान्याच्या कामात नकळत पुन्हा जुळलेले मला दिसतात. नगरहून दौंडमार्गे गेलं की पुणे जिल्ह्यातलं केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींसाठी आणि विधवांसाठी घर बांधलं, त्याचं नावही 'मुक्ती'. रमाबाईंना प्रचलित मराठी बायबलची भाषा खटकत होती. साध्या बाईला कळेल असं भाषांतर त्यांनी मुळापासून केलं. ते पूर्ण छापून झालं १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

'मुक्ती' हाच शब्द घेऊन डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या मेअखेरीस मुंबईतल्या महार परिषदेपुढे विचारलं: मुक्ती कोण पथे? ख्रिस्ती धर्मावर त्यांनी पुढे लिहिलं त्यातली एक टीका नगरच्या मंडळींनी टाळू नये अशी आहे. मिशनऱ्यांनी अस्पृश्यांना शिकवलं की तुमची दुर्दशा तुमच्या पापातून आली आहे. मग ज्याच्यावर अन्याय झाला तो अन्यायाविरुद्ध उभा कसा राहणार? हा घाव वर्मी बसतो. १८७५ ची माणसं रोखे जाळत होती कारण ते कर्ज अन्यायाचं होतं. आणि व्यासपीठावरून त्यांना सांगितलं जात होतं ते फक्त त्यांच्या स्वतःच्या कर्जाबद्दल. मिसर देशातल्या गुलामांना मोशेने आधी त्यांची पापं मोजून दाखवली नव्हती. आधी समुद्र दुभंगला, मग सीनाय पर्वतावर आज्ञा मिळाल्या. हा क्रम महारवाड्यातल्या व्याख्यानात उलटला गेला, असं माझं मत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तर धर्मांतरित दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. चर्चच्या वहीत तरलेला आणि सरकारच्या वहीत वगळलेला, असा माणूस या जिल्ह्यात गावोगाव आहे.

लूकच्या शुभवर्तमानात एका सावकारी वळणाच्या माणसाची गोष्ट आहे. जक्कय, जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरी जेवायला जातो, आणि लोक कुरकुरतात: पाप्याच्या घरी उतरला. जक्कय उठून म्हणतो, अर्धी मिळकत गरिबांना देतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं. हिशेब चुकता होण्याआधी पंगत झाली होती. कोणीतरी उंबरा ओलांडून आत आलं होतं आणि त्या घरचं अन्न खाल्लं होतं. जिथे कोण कोणाच्या घरी जेवतो यावर माणसाची किंमत ठरत होती, त्या मुलखात ही गोष्ट ऐकणाऱ्याचं लक्ष चौपट पैशांकडे जाण्याआधी जेवणाकडे जाणार.

लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त नगर-राहुरीकडचे ते दिवस लिहून ठेवले आहेत. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांचा आकांत झाला. काही वर्षांनंतर परत नांदायला आल्या त्याही सोवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी सांभाळून. बाप्तिस्म्यासाठी टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. मग हळूहळू त्यांच्या मनात विचार फिरू लागला की ही जात केली कोणी, देवाने की माणसाने. उत्तर त्यांचं त्यांनाच सापडलं आणि त्या दुसऱ्या जातीच्या माणसाच्या हातचं पाणी प्यायल्या. बाप्तिस्म्याचं पाणी त्यांनी त्यानंतर घेतलं, १९०० मध्ये.